बिसरामभाऊनं तिरपं केलेलं कॅलेंडर

आमच्या कुडव्याच्या बिसरामभाऊला तिरपं काही खपत नसे. कुणाच्या घरी गेला की पाणी प्यायच्या आधी तो भिंतीवरचा फोटो सरळ करी. एका लग्नात नवरदेवाचं बाशिंग सरळ करायला हा थेट बोहल्यावर चढला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. नवरीचा मामा अजून विसरलेला नाही.

नोकरीही तसलीच. गोंदियातल्या एका लॅबमध्ये तपासणीला आलेला मांसाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घेऊन तपासणाऱ्या डॉक्टर रश्मीमॅडमना द्यायचे. वीस वर्षं लोकांच्या जिभांचे काप काढले, आणि स्वतःच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा! अनुसयावहिनी म्हणायच्या, "दुसऱ्याच्या जिभा पाहून रायले, आपली कवा पाहाल?"

यंदा पाहावी लागली. जिभेच्या कडेला कॅन्सरची गाठ निघाली. सर्जननी ती कापून काढली, टाके घातले, आठ दिवस बोलायची बंदी केली. गल्लीनं ते आठ दिवस सुखात काढले. पण एक टांगती गोष्ट होती. गाठ चार मिलिमीटरपेक्षा खोल शिरली असेल तर आता आतल्या ग्रंथी काढायला मानही उघडावी लागणार; नसेल तर नुसती नजर ठेवायची. आणि हे ठरवणारा तुकडा आला बिसरामच्याच लॅबमध्ये.

मॅडमनी त्याला त्या तुकड्याला हात लावू दिला नाही. नवी टेक्निशियन योगेश्वरी, तिनं ठोकळा केला. खोली निघाली सहा.

बोलायची बंदी असलेला बिसराम बाकावर बसला होता, तो उठला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि जोरजोरात हातवारे करू लागला.

"पाणी पायजे का, भाऊ?" योगेश्वरी घाबरली. "भोवळ आली का?"

तिनं कागद दिला, तर हा आधी पट्टी घेऊन ओळी आखायला लागला! मग स्वतःवरच वैतागला, भिंतीपाशी गेला आणि ज्या कॅलेंडरला रोज सरळ करी, तेच बोटानं तिरपं केलं.

"मॅडम!" योगेश्वरी ओरडली, "तुकडाच तिरपा बसला!"

भेंडी तिरपी चिरली की चकती लांबट निघते ना, तसं झालं होतं. मेण वितळवून तुकडा उभा बसवला, पुन्हा काप काढले. तीन! घरच्या माणसाचं प्रकरण म्हणून मॅडमनी काचा नागपूरलाही दाखवल्या. तिथंही तीनच. शिवाय गाठीची कड एकसंध, पेशी इकडेतिकडे विखुरलेल्या नाहीत, नसेला धक्का नाही. मान वाचली.

आता दर महिन्याला तपासणी असते. खर्रा सुटलाय, म्हणजे वहिनी रोज खिसे झाडतात. बोलणं जरा बोबडं झालंय, पण कमी झालेलं नाही.

लॅबमधलं ते कॅलेंडर मात्र योगेश्वरीनं तसंच ठेवलंय. रोज सकाळी बिसरामचा हात तिकडे जातो आणि अर्ध्यात थांबतो.

"काऊन भाऊ, सरळ करू का?"

"राहू दे वो माय," तो म्हणतो, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करून बसतो.