सागाच्या जंगलातली घंटी

ड्युटी संपवून इथल्या, परक्या देशातल्या हॉस्पिटलबाहेर पडले, तर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि मला नागपूरची ती इंग्रजी बोलण्याची परीक्षा आठवली. इथली नर्सची नोकरी तिच्यावरच अडली होती. एसीनं गारठलेल्या खोलीत समोरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, लहानपणी सायकल चालवायचात का? मी म्हटलं, हो, आलापल्लीकडच्या सागाच्या जंगलातून शाळेत जायचे, प्रत्येक वळणावर घंटी वाजवत. त्यांनी विचारलं, रस्ता रिकामा, मग घंटी कुणासाठी? मी म्हटलं, मोठ्यासाठी. मोठा कोण? माझी जीभ अडली. शब्द येत होता. पण त्या रस्त्यानं जाणारं माणूस अंगावर पट्टे असलेल्या त्या जनावराचं नाव घेत नाही, घेतलं की ते समोर येतं म्हणतात, आणि मला तर संध्याकाळीच बसमधून उतरून फाट्यावरून बाबांसोबत सायकलनं तिथूनच घरी जायचं होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पेन उचललं. मी तो शब्द बोलून टाकला. संध्याकाळी जंगल लागलं तसा घंटीवरचा माझा अंगठा थांबेना. "काऊन एवढी वाजवून राह्यली वं?" बाबांनी विचारलं. "तोंडातून नाव निघालं, बाबा." बाबांनी आपली सायकल माझ्या पुढे काढली आणि घर येईपर्यंत तेही घंटी वाजवत राहिले. मी पास झाले. बाबा अजून त्याच रस्त्यानं येतात-जातात, म्हणून एवढं सगळं लिहिलं तरी तो शब्द मी इथंही लिहिलेला नाही.