चंदीवरची उडी

निसार मुल्लाणी रात्रभर मंगल कार्यालयाच्या फाटकावर पहारा देऊन घरी आला, तेव्हा त्याची बायको मेहमुदा ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

"दुपारी सिनेमाला जायचं हाय. तुमचाच लागलाय."

एका गाजलेल्या कादंबरीवरचा तो साहसपट निसारच्या विशीत पन्हाळ्याच्या उतारावर चित्रित झाला होता. तेव्हा तो तबेल्यात घोडी सांभाळायचा. गोष्टीतला जासूद घोडीवरून ओढा ओलांडतो. कादंबरीत त्या उडीला अख्खं प्रकरण होतं. नट काही धजेना, म्हणून त्याचा फेटा निसारच्या डोक्यावर चढला. पहिली उडी झकास झाली. दिग्दर्शकाला आणखी एक हवी होती. त्या खेपेला चंदी घोडीचा पाय निसटला. ती जागीच गेली. निसारचं खुब्याचं हाड मोडलं आणि तो जन्माचा लंगडा झाला. सिनेमात पहिलीच उडी ठेवली होती, पण ती बघायला तो कधी गेला नाही.

आता जुनी प्रत दुरुस्त करून शहरात दाखवणार होते.

"मला न्हाय बघायचं. डोळं मिटाय लागल्यात."

"मग तितं झोपा की. गार हाय."

तो खरंच झोपला. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत त्याची मान मेहमुदाच्या खांद्यावर कलंडली. उडीची जागा जवळ आली तसा तिनं हात उचलला, पण त्याला हलवलं नाही.

पडद्यावर ओढ्याच्या काठाशी एक पोरगा धावत आला आणि रिकिबीत पाय न घालताच घोडीवर चढला. त्याची पाठ तेवढी दिसली. मेहमुदाचं लग्न अपघातानंतरचं. आपल्या नवऱ्याला धावताना ती पहिल्यांदाच बघत होती. घोडी हवेत गेली, पलीकडं उतरली, धुरळा उडाला. कुणीतरी शिट्टी मारली.

बाहेर आल्यावर निसार पायरीवर टेकला.

"उडी आली?"

"आली की."

"चंदी दिसली?"

"दिसली. लई देखणी हुती."

"व्हय," तो म्हणाला. बराच वेळ खुबा चोळत राहिला. त्या पोराविषयी त्यानं विचारलं नाही. मेहमुदानं रिक्षा थांबवली. संध्याकाळी त्याला पुन्हा कामावर जायचं होतं.