पांढऱ्या गाडीचं छत

कल्पना करा, तुम्हाला मोटारीच्या छताला पडलेला पोचा काढायचा आहे. रंगाला ओरखडा येता कामा नये आणि हातोडा मारायचा नाही. छताचं आतलं अस्तर तुम्ही उतरवून ठेवलंय. उघड्या दाराशी उभे राहून एक हात आत घातलाय आणि त्या हातात वाकड्या टोकाची पोलादी सळई आहे. सळई छताखालच्या आडव्या पट्टीवर टेकवायची आणि तिचं टोक पोच्याच्या बरोबर खाली न्यायचं. ते टोक तुम्हाला दिसत नाही. डोळे बाहेर, छतावर. छतावर एक लांबट दिवा धरलेला आहे, त्याच्या काचेवर काळे पट्टे आहेत. धड पत्र्यात पट्टे सरळ दिसतात. पोचा असेल तिथे चिमटीत धरल्यासारखे एकमेकांकडे ओढले जातात. आता दाबा. हलकंच. पट्टा केसभर सरकला? पुन्हा दाबा. जोर जास्त झाला तर खड्ड्याच्या जागी टेंगूळ येईल, आणि टेंगूळ बसवणं खड्डा काढण्यापेक्षा अवघड.

देल्फिना ओसान हे काम करते. आमच्या गल्लीच्या टोकाला तिची शेड आहे. आम्ही तिला दोन्या म्हणतो, वयाने मोठ्या बाईला इथे म्हणतात तसं. आमच्या सान राफाएल गावात उन्हाळ्यात, म्हणजे इथे नोव्हेंबर ते मार्च, गारा पडतात. द्राक्षबागांवर जाळ्या ताणलेल्या असतात. मोटारींवर लोक घरातल्या गाद्या, रजया आणून टाकतात, आणि ज्यांना तेवढा वेळ मिळत नाही ते दुसऱ्या दिवशी दोन्याच्या शेडसमोर उभे असतात. तिचा पट्ट्यांचा दिवा मी बनवून दिला. त्यामुळे दिव्यात काही बिघडलं, किंवा बिघडलं नाही तरी, मी तिथे असतो.

हे काम तिला शिकवलं हिलारिओ फूनेसने. हिलारिओ डावरा, म्हणून सगळं गाव त्याला सुर्दो म्हणतं, डावऱ्याला म्हणतात तसं. दोन्याच्या मुलाचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे दोन्याचा कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वरचं. दोन्याचा नवरा दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा सुर्दोने तिच्या हातात सळई दिली. ती सांगते, "पहिल्या दिवशी मी एका पोच्याचे दोन केले. हा म्हणाला, छान, धंदा वाढवतेस."

सुर्दो डोक्यावर कायम हिरवी फेल्टची टोपी घालतो. टोपी जुनी झाली की फेकत नाही. तिचे तुकडे करून सळई जिथे टेकवायची त्या पट्टीवर ठेवतो, म्हणजे पत्र्याला घासत नाही. दोन्या रबर वापरते. त्यावरून दोघांचं वर्षानुवर्षं भांडण.

"फेल्ट दबतं. मग अंदाज चुकतो," ती म्हणायची.

"काटकुळे, अंदाज हाताला असावा लागतो. रबराला कशाला अक्कल?"

"म्हणूनच तुझ्या टोपीत अक्कल उरत नाही, सगळी पट्टीवर ठेवून येतोस."

दोन्या तोवर वडिलांची जुनी गाडी चालवायची, जिचं डावं दार आतून दोरीने बांधावं लागे. नवी गाडी घ्यायचं तिने ठरवलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण कितीतरी मळेवाले तिला पोचे पडलेली गाडी स्वस्तात द्यायला तयार होते. तिने घेतली असती तर दोन रविवारांत आरशासारखी केली असती. मी तसं म्हटलंही.

"माझे हात आयुष्यभर दुसऱ्याच्या पत्र्याखाली," ती म्हणाली. "मला एक तरी पत्रा असा हवाय की ज्याच्या खाली अजून कुणाचा हात गेलेला नाही. माझासुद्धा नाही."

तिला निळी गाडी हवी होती. एजन्सीवाला म्हणाला, निळीला उशीर आहे, पांढरी तयार उभी आहे, उद्या न्या. शेडमध्ये माते पिताना तिने हे सांगितलं. माते म्हणजे आमचा कडवट पाल्याचा काढा. एकच भोपळ्याचा तुंबा, एकच नळी, आणि तो हातोहात फिरतो.

सुर्दोने नळी तोंडातून काढली. "निळीसाठी थांब की."

"का?"

"तुला निळी हवी होती ना? मग थांब. एवढी वर्षं थांबलीस."

"एवढी वर्षं थांबले म्हणूनच आता थांबवत नाही."

"बघ बाई. पांढऱ्यावर धूळ दिसते."

"इथे सगळ्यावरच धूळ दिसते, सुर्दो. तुझ्या टोपीवर तर पेरणी होईल."

त्याने हसून नळी पुन्हा तोंडाला लावली.

डिसेंबरच्या सुरुवातीला गाडी आली. गल्लीतली माणसं जमली. दोन्याने निळा झगा घातला होता, जो मी तोवर फक्त तिच्या मुलाच्या लग्नात पाहिला होता. दृष्ट लागू नये म्हणून नव्या गाडीला लाल फीत बांधतात. ती सुर्दोने आणली होती आणि पुढच्या आरशापाशी वाकून डाव्या हाताने तो गाठ मारत होता.

"दिवा आण रे," दोन्या मला म्हणाली. "एकदा तरी माझ्या डोळ्यांना सगळे पट्टे सरळ दिसू देत. आजवर वाकडेच बघत आले."

मी दिवा आणला, वायर ओढली, प्लग लावला. पट्टे छताच्या पुढच्या कडेवर उमटले असतील नसतील, तोच सुर्दो फीत तशीच लोंबती सोडून आला.

"बंद कर ते! नवरी उंबऱ्यात आली नाही तोवर तिचे दात मोजताय?"

सगळे हसले. त्याने स्वतः प्लग ओढून काढला. "आज सुट्टी. आज गाडीला पण सुट्टी, दिव्याला पण. काटकुळे, बस गाडीत. मला घेऊन पहिला फेरा मार."

दोन्या हसत हसत गाडीत बसली. आम्हालाही वाटलं, बरोबर आहे. नव्या गाडीवर पोचे शोधायचा दिवा कोण धरतं? आमच्याकडे तर तो अपशकुनच मानतील. नंतर त्या दिव्याची आठवण कुणालाच झाली नाही.

जानेवारीत एका दुपारी ती बाजारातून जर्दाळू घेऊन परतत होती. आकाशाचा रंग फिरला. इथल्या माणसाला तो रंग सांगावा लागत नाही. पांढुरका, आत हिरवट, आणि लांबून मालगाडीसारखा आवाज. गल्लीत बायका गारा टळाव्यात म्हणून अंगणात मिठाचा क्रूस काढायला धावल्या, पुरुष गाद्या घेऊन बाहेर आले. दोन्या पेट्रोल पंपाच्या छपराकडे वळली. तिच्याआधी निम्मं गाव पोचलं होतं. गाड्या एकमेकींना चिकटून, दारं उघडता येऊ नयेत अशा.

"जरा पुढे घ्या! अर्धी तरी आत येऊ द्या!" ती खिडकीतून ओरडली.

पुढच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. "दोन्या, तुम्हाला कशाला छप्पर? तुमचा तर आज सणच!"

लोक हसले. कुणी तरी "जर्दाळू आत द्या, गाडी राहू द्या बाहेर" असंही म्हणालं. मग गारा आल्या आणि हसणंबिसणं ऐकू येईना. अक्रोडाएवढ्या होत्या. बोनेट आत, छत बाहेर, अशी ती गाडी उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून शेडसमोर रांग लागली. दोन्याने स्वतःची गाडी मागे, भिंतीला लावून ठेवली. लोकांची आधी, आपली शेवटी, हा नियम तिला सुर्दोनेच शिकवलेला. तोही येऊन-जाऊन असायचा, आणि आला की एकच लकडा.

"तुझं छत मी करतो."

"अरे, करीन मी."

"तू दमलीयेस. खांदा दुखतोय तुझा. आपल्या गाडीवर आपला हात नीट चालत नाही, डॉक्टर कुठे स्वतःच्या पोराचं ऑपरेशन करतो? मला दे किल्ली, माझ्याकडे नेतो."

तो गेल्यावर दोन्या मला म्हणाली, "बघ. नवऱ्याने कधी विचारलं नाही खांद्याचं." तिचे डोळे भरून आले होते. किल्ली देईन म्हणाली रविवारी.

रविवारी सकाळी सुर्दोला यायला उशीर झाला. रांग सरली होती, शेड रिकामी होती. दोन्याला रिकामं बसता येत नाही. "तो येईपर्यंत अस्तर तरी उतरवून ठेवू," ती म्हणाली. "तेवढंच त्याचं काम कमी."

मी दिवा लावला. छतावर पट्टे पडले आणि गारांचे ताजे खड्डे दिसले, अपेक्षेप्रमाणे. दोन्या बघत राहिली. मग दिवा थोडा कलता करायला सांगितला. आणखी थोडा. मला काही दिसत नव्हतं. तिने बोट टेकवलं, दोन ताज्या पोच्यांच्या मधल्या जागेवर, जिथे पत्रा धड असायला हवा होता. आता मलाही दिसलं. पट्टे तिथे सरळ नव्हते. ओढलेले नव्हते, फक्त थरथरत होते, वाऱ्याने हललेल्या पाण्यावर दिसतात तसे. आणि हे एका जागी नव्हतं. सगळ्या छतभर होतं.

"गारांनी असं होतं?" मी विचारलं.

"गारांनी नाही. सळईने होतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "हे आधी बसलेलं छत आहे. कुणीतरी उचललंय. घाईत उचललंय."

"पण गाडी तर नवी..."

"अस्तर धर."

आम्ही अस्तर उतरवलं. त्याच्या खुंट्यांपैकी दोन वेगळ्या होत्या, मागून बसवलेल्या. दोन्याने आत मान घातली आणि मधल्या पट्टीवरून हात फिरवत नेला. तिचा हात पट्टीच्या डाव्या टोकाशी थांबला. तिथे काहीतरी अडकलं होतं. ते तिने ओढून काढलं. हिरव्या फेल्टचा तुकडा. एका बाजूने घामाने काळवंडलेला, टोपीच्या कडेचा असतो तसा.

ती मागच्या सीटवर बसून राहिली. वरती उघडा पत्रा, मांडीवर जर्दाळूची एक वाळकी बी, सीटमध्ये राहिलेली, आणि मुठीत तो तुकडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गावाच्या एका बाजूलाच गारा पडल्या होत्या, एजन्सीच्या आवाराच्या बाजूला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आवारात काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर सुर्दो काही आठवडे दिसला नव्हता. शेजारच्या हेनेराल आल्व्हेआर गावाला पुतण्याकडे काम आहे, असं सांगून गेला होता. येताना दोन्यासाठी तिकडची हरभऱ्याएवढी ऑलिव्ह आणली होती. तशी ऑलिव्ह आमच्या बाजारातही मिळतात.

सुर्दो आला तेव्हा दोन्याने मातेचं पाणी ठेवलं होतं. तो दारातच थबकला. अस्तर खाली, दिवा चालू.

"अगं, मी म्हटलं होतं ना मी करतो."

"ये. बस."

पहिला तुंबा ती स्वतः प्यायली, भरणाऱ्याने प्यायचा असतो तसा. मग तिने दुसरा भरून त्याच्यापुढे सरकवला आणि शेजारी फेल्टचा तुकडा ठेवला. सुर्दोने तुकड्याकडे पाहिलं, मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माते तो शेवटपर्यंत प्यायला. नळीचा आवाज येईपर्यंत.

"मला कामावर घेतानाच सांगितलं होतं एजन्सीवाल्यांनी, तोंड उघडलंस तर पुन्हा बोलावणार नाही," तो म्हणाला. "तेव्हा आवारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांना मार होता. नाही कसं म्हणणार? माझं दुसरं काय आहे?"

"आल्व्हेआर गावचा पुतण्या आहे की."

त्याने रिकामा तुंबा हातात फिरवला.

"माझ्याशी खोटं बोलायला त्यांनी सांगितलं होतं? की ते तुझं तू?"

"तुझ्या वाट्याला यातलीच येईल हे मला काय ठाऊक? मी म्हटलं होतं तुला, निळीसाठी थांब. म्हटलं होतं की नाही? बोल!"

"धूळ दिसते म्हणालास."

"मग काय म्हणणार होतो?"

"एवढंच म्हणायचं, घेऊ नकोस. तू सांगितलं असतंस तर मी का, म्हणूनसुद्धा विचारलं नसतं."

सुर्दोने टोपीची कड चाचपली. "इतकंही वाईट काम नाही केलेलं. साध्या उन्हात कळलं का तुला? कुणालाच कळलं नसतं."

"माझ्या छतावर पुन्हा गारा पडल्या, सुर्दो."

तिने तिसरा तुंबा भरला नाही. आमच्याकडे माते पिताना मध्ये आभार मानत नाहीत. "ग्रासियास" म्हणजे धन्यवाद म्हटलं की आता बस, पुढचा नको. दोन्याने तुंबा त्याच्या हातातून घेतला, उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "ग्रासियास, कोंपाद्रे." भरणारीनेच असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सुर्दोनेही नसावं. तो टोपी घालून गेला. तुकडा टेबलावरच राहिला.

दोन्या एजन्सीत जाऊन आली. तिथल्या माणसाने हसून सांगितलं, बाई, गारा तर जानेवारीत पडल्या, सगळ्या गावाने पाहिलंय. तिच्याजवळ दाखवायला होतं काय? थरथरणारे पट्टे, आणि एका म्हाताऱ्याच्या टोपीचा तुकडा. तुकडा दाखवला असता तर सुर्दोचं काम गेलं असतं. तो तिने पर्समधून बाहेर काढलाच नाही.

छताला तिने अजून हात लावलेला नाही. लोकांच्या गाड्या आरशासारख्या करून देते आणि स्वतःच्या खड्ड्यांच्या गाडीने घरी जाते. पंपावरचा तो ट्रकवाला परवा म्हणाला, "दोन्या, जाहिरात म्हणून ठेवलीय का?" ती त्याच्याशी भांडलीसुद्धा नाही. लाल फीत तिने सोडलेली नाही, आणि नीट बांधलेलीही नाही. त्या दिवशी सुर्दोने सोडली तशीच लोंबते आहे.

काल दिव्याची वायर बदलत होतो. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"गाडी आली त्या दिवशी दिवा तू धरला होतास," ती म्हणाली. "मी झग्याच्या नादात होते. मला आठवत नाही. तू जवळ होतास."

"हो."

"मग सांग मला. आवारात तशा कितीतरी गाड्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. ही त्यातलीच हे त्याला ठाऊक नसेल, नुसतं भ्यायला असेल, तर गोष्ट वेगळी. पट्टे पाहिले असतील तर त्याला कळलंच असणार. म्हणून विचारते. प्लग ओढायच्या आधी त्याने छताकडे पाहिलं होतं का रे?"