एकदाच सांगणारे भाऊजी

एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली की ज्याचं डोकं उठतं, असा माणूस अख्ख्या बालाघाटात एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. रोज सकाळी 'आज अमक्याची भाजी कर' हे पूर्ण वाक्य बोलणं भाऊजींना उधळपट्टी वाटे. ते वाक्य लग्नानंतर एकदा सांगून झालं होतं. पुढे अंगणातून नुसतं "वांगं!" नाहीतर "दोडका!" एवढीच हाक येई. एकदा आमचे स्थूल काका फाटकातून आत येत असतानाच ते "भोपळा!" म्हणून ओरडले. काका त्यानंतर ताईकडे जेवायला आले नाहीत.

भाऊजी एका दवाखान्यात संगणक सांभाळत. दोन हजार चारच्या सुमारास तिथली चिठ्ठीची खिडकी फारच रेंगाळायला लागली. शुगरच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला दूरच्या उकवा गावाहून एक आजी येत, आणि रांगेतच त्यांची परतीची बस निघून जाई. मग त्या भाऊजींजवळच्या बाकावर टेकून घरच्या, नातीला येणाऱ्या स्थळांच्या गोष्टी सांगत आणि रात्रीपुरत्या भाचीकडे जात. "साहेब, तुमची मशीन माह्यापेक्षा म्हातारी हाय का?" त्यांनी एकदा विचारलं. ते भाऊजींच्या जिव्हारी लागलं.

रोग त्यांच्या ओळखीचाच निघाला. प्रत्येक रुग्णामागे डेटाबेसला तोच प्रश्न जाई, आणि डेटाबेस तो दरवेळी पहिल्यापासून वाचून अर्थ लावत बसे. भाऊजींनी अर्थ लावून झालेले प्रश्न कॅशेत, म्हणजे हाताशी, ठेवायची सोय केली आणि हौसेने जागाही भरपूर दिली. दुपारपर्यंत सर्व्हरची मेमरी भरली नि खिडकीच बंद! प्रश्नातच रुग्णाचं नाव लिहिलेलं असल्याने प्रत्येक माणूस नवा प्रश्न ठरत होता. "मी प्रश्न ठेवाले गेलो, अन् अख्खी रांगच आत भरून ठेवली न!" असं म्हणत त्यांनी संध्याकाळपर्यंत हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकाची माफी मागितली, तीही पूर्ण वाक्यात.

मग त्यांनी प्रश्नातली नावाची जागा ऐनवेळी भरण्यासाठी रिकामी सोडली आणि रोज लागणारे मोजकेच प्रश्न हाताशी ठेवले. पुढच्या महिन्यात मी तिथेच होतो. आजींची चिठ्ठी बघता बघता निघाली. गोळ्या घेऊन त्या झपाझप फाटकाबाहेर गेल्या, मागे वळूनही पाहिलं नाही. समोरच्या थांब्यावरची बस हलेपर्यंत भाऊजी दारात उभे होते.

"भेटली बुवा बस," ते म्हणाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. ते मात्र बाकावर येऊन बसले आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "नातीचं लग्न जमलं का नाही, ते इचाराचंच राहून गेलं."