काम्शातची नणंद

काम्शात एका जागी स्वस्थ बसली आहे असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. त्या फेब्रुवारीत मात्र कहर झाला. दिवसातून चार-चारदा माझ्या दारात. एकदा तर हाताला कणीक तशीच, डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला.

"बाई, दहा मार्चला निघतोय आम्ही. कारागांदाला. ह्यांना खाणीत काम लागलंय."

"चांगलंच की! मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. वारा लागला डोळ्यांना." ती बसली, उठली, चुलीवरची माझी किटली उगाच इकडची तिकडे केली. "दोन्ही मुलगे बरोबर येतील. ती इथंच राहणार."

ती म्हणजे तोगझान. काम्शातचं पहिलं मूल, वय वर्षं सात, माझ्याच वर्गात. पण 'माझी मुलगी' असं म्हणायची सोय काम्शातला नव्हती. पहिलं नातवंड आजी-आजोबांनी आपलं म्हणून वाढवायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. सिरदर्या नदीकाठच्या आमच्या गावात त्याबद्दल कुणी दोनदा विचारसुद्धा करत नाही. तोगझान वर्षाची झाली, अंगावरून सुटली, आणि सासूनं, काझिपानं, तिला उचलून आपल्या कुशीत निजवलं. म्हातारीचा नवरा नुकताच गेला होता, घर खायला उठत होतं. त्या दिवसापासून पोरीची आई काझिपा. सख्खा बाप झाला 'दादा'. आणि काम्शात झाली वहिनी.

बरं, तेवढ्यावर तरी भागावं! पण आमच्यात सून सासरच्या माणसांचं नाव घेत नाही. काझिपानं हसत हसत सांगून टाकलं, "आता ही तुझी नणंद गं. नाव घेशील तर याद राख." थट्टेतलं बोलणं, पण काम्शातनं ते खाली पडू दिलं नाही. सहा वर्षं ती पोटच्या पोरीला वन्सं म्हणत आली. "वन्सं, नाक पुसा." "वन्सं, दूध सांडू नका." सगळं गाव हसायचं. काम्शातचे वडील वर्षातून एकदा यायचे, ते नातीपुढे कमरेत वाकून म्हणायचे, "काय विहीणबाई, बरं आहे ना?" आणि पोरगी खुशीत त्यांना व्याहीबुवा म्हणायची. मीही पोट धरधरून हसलेय. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

"बाई," काम्शात म्हणाली, "जायच्या आधी एकदा. फक्त एकदा तिनं मला आई म्हणावं. पुढं नाही म्हटलं तरी चालेल."

मी कसली गप्प बसतेय! ज्याच्या त्याच्या भानगडीत नाक खुपसायची माझी जुनी खोड. म्हटलं, "तू जा, कणीक मळ. मी बघते."

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात मी नात्यांचे शब्द शिकवायला घेतले. थोरला भाऊ, धाकटी बहीण, बापाकडचे, आईकडचे. मुलं अडखळत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. आईच्या माहेरची माणसं कोण, असं मी एकेकाला विचारलं. तोगझाननं काझिपाच्या भावांची नावं धडाधड सांगितली, त्यांच्या घोड्यांच्या रंगांसकट. काम्शातच्या वडिलांचं नाव काही निघालं नाही. मग मी फळ्यावर लिहिलं, जन्म देते ती आई. आणि सांगून टाकलं, आठ मार्चला आयांचा कार्यक्रम आहे. प्रत्येकानं भेटकार्ड करायचं आणि 'आई' अशी हाक मारून तिला सगळ्यांसमोर बोलवायचं.

संध्याकाळी काझिपा काठी टेकत माझ्या दारात हजर.

"मास्तरीणबाई, फळ्यावर काय लिहिलंत म्हणे?"

"धडा लिहिला."

"शाळेत बेरीज शिकवा. माझ्या घरातली वजाबाकी मला कळते."

ती दोन वाट्या चहा प्याली. जाताना उंबऱ्यात थांबली. "मुलगा चालला, सून चालली, नातू चालले. मी कुणाला अडवलं का? एवढी एक हाक तरी राहू द्या मला."

त्यानंतर माझंही कशात लक्ष लागेना. खडू हातात घ्यायचा आणि काय लिहायचं तेच विसरायचं. पण काम्शातला शब्द देऊन बसले होते.

आठ मार्चला शाळेत बाया दाटीवाटीनं बसल्या. काम्शात पहिल्या रांगेत बसली, मग शेवटच्या, मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. नव्या निळ्या झग्याची बाही तिनं पिरगाळून पिरगाळून चुरगाळली होती. तोगझानची पाळी आली. पोरीनं सगळीकडे नजर फिरवली. काम्शात खिडकी सोडून दोन पावलं पुढं आली.

"आई, ये ना! काठी राहू दे, मी धरते तुला."

काझिपा उठली. सगळ्यांत जोरात टाळ्या काम्शातनं वाजवल्या. मला तिच्याकडे बघवेना.

कार्यक्रम संपला. बाहेर अंगणात वितळत्या बर्फाचा नुसता चिखल. मी दारात खुर्च्या गोळा करत होते. काम्शात उकिडवी बसून पोरीच्या कोटाची बटणं लावत होती. लावलेली सोडत होती, परत लावत होती.

"एक मागू? एकदाच मला आई म्हण."

तोगझानला जराही नवल वाटलं नाही. "मला माहितीये. तुझ्याच पोटातून आले मी. शेजारच्या पोरींनी सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात."

"मग?"

"म्हणते की." पोरीनं मान वळवली. फाटकाशी काझिपा उभी होती. भेटकार्ड तिनं कोटाच्या आत छातीशी धरलं होतं आणि चिखलात पाऊल टाकायला ती घाबरत होती. "पण मग तिला काय म्हणू?"

काम्शातनं तोंड उघडलं. 'आजी' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मी पाहिला, दहा पावलांवर उभी होते मी, शपथेवर सांगते. नुसता उच्चारायचा होता. तिनं तो गिळला.

"काही नाही," ती म्हणाली. "वहिनीच म्हणा."

"बरं झालं," पोरगी म्हणाली. "माझा गोंधळ उडाला असता." आणि डबकी चुकवत रस्त्याकडे पळाली.

काम्शात उठली, चिखल तुडवत फाटकाशी गेली आणि सासूचा दंड धरला.

"काय बोलत होतात गं दोघी?" काझिपानं विचारलं.

"कुठं काय, सासूबाई. गार वारा आहे, तुमची लेक आजारी पडेल, म्हणून बटणं लावत होते."