टोपीभोवतीचं काळं कडं

सहाव्या गोळीनंतर लोर्ना स्कारने बंदुकीच्या बोल्टच्या दांडीवर तळहाताने थप्पड मारली. तेव्हा कुठे दांडी वर आली आणि रिकामं काडतूस चटईवर पडलं.

वेंडेल हाउगेनने ते उचललं. मोंटानातल्या या छोट्या नेमबाजी क्लबात गेली एकवीस वर्षं तोच काडतुसं तपासत होता. बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी चपटी झाली नव्हती, म्हणजे आतला दाब बेताचा. पहिल्या पाचांचीही झाली नव्हती आणि त्या प्रत्येक वेळी तो "चालू दे" म्हणाला होता.

"काय रे, अंडं उबवतोयस का?" लोर्ना म्हणाली. सहा गोळ्यांत सत्तावन्न गुण झाले होते. उरलेल्या चार नीट लागल्या, तर भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, हार्लनचं, नाव लागणार होतं; ती त्याच्याच नावाने खेळत होती. बंदूक त्याची आणि लष्कराच्या जुन्या साठ्यातली काडतुसंही त्यानेच घेतलेली.

"दांडी अडकतेय, लोर्ना."

"या बंदुकीची अडकतेच. हार्लन जन्मभर थपडा मारत आला. पुढची भरते."

"थांब."

वेंडेलने चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून टोपीभोवती ओल शिरू नये म्हणून लावलेलं लाल लाखेचं कडं पुसलं. लाखेखाली काजळीचं काळं कडं होतं. टोपीच्या कडेने जळत्या दारूचा वायू मागे फुटत होता आणि मागे लोर्नाचा डोळा होता. त्याने पहिलं काडतूस पुसलं. तिथेही तेच. लष्करी टोपी जाड असते, दाब वाढला तरी सहजी चपटी होत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवत असे. आज स्वतःच विसरला होता.

"बंदूक खाली ठेव."

"घाबरट म्हातारा! चारच तर उरल्यात!"

"लोर्ना, ठेव म्हणतो ना!"

तिने ठेवली, पण ओठ आवळून. त्याने तिच्यासमोर सातव्या काडतुसातली गोळी ठोकून बाहेर काढली. दारू तांबूस भुकटीसारखी सांडली आणि आंबट, नाकाला झोंबणारा वास आला. लोर्नाने तोंड फिरवलं.

"सडलीय," वेंडेल म्हणाला. "आणि मी पाच वेळा चालू दे म्हटलं. चूक माझी."

लोर्नाने त्या भुकटीत बोट फिरवलं. "हार्लनने हा डबा कोठारात ठेवलेला. पत्र्याखाली. कितीतरी उन्हाळे तापला."

मग तिने चटईवरची तीन काडतुसं त्याच्या हातावर ठेवली. कोटाच्या खिशातून चौथंही काढलं.

"हे जास्तीचं. लपवलं होतं. दहा झाल्यावर शेवटची त्याच्या नावाने उडवावी म्हणून. घे, तेही घे."