डॉक्टरीणबाईंचे ‘आ कर’

“आ कर.”

आमच्या डॉक्टरीणबाई आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणत नसत, हे म्हणत. मुंबईची बोट बंदराला लागली आणि एखादा गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात आला, तरी आधी “आ कर”. डाव्या हाताने हनुवटी धरायच्या, उजव्या हातातल्या चमच्याने जीभ दाबायच्या आणि त्याचे तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवून पाहायच्या. रत्नागिरीने त्यांना चक्रम ठरवले होते. मी त्यांच्याकडे सुया उकळायला होते, त्यामुळे मला कारण ठाऊक होते.

कारण गरमी, म्हणजे उपदंश. मुंबईला पोटासाठी गेलेले पुरुष गणपतीला नि शिमग्याला घरी येत, आणि त्यांतले काही हा रोग बरोबर आणत. तो नको त्या जागेचा रोग, एवढेच लोकांना माहीत. बाई कंठशोष करून सांगत, “तोंडात फोड असेल तर मुक्यानेही लागतो. बायकोला लागतो, पाळण्यातल्या पोराला लागतो.” मुका हा शब्द निघाला की बायका पदर तोंडाला लावून उठून जात. बाई आणखी भडकत. “घेताना लाज नाही, ऐकताना मात्र लाज.” अशी तिरसट माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांचे बहुधा खरे असते, म्हणून ती कुणाला आवडत नाहीत.

आमच्या आळीत वच्छी होती. आंजर्ल्याची मुलगी, नवरा मुंबईला गोदीत कारकून, पदरी नुकती चालू लागलेली पोर. नवरात्राच्या सुमारास तिच्या खालच्या ओठावर फोड आला. दुखत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. बराही होईना, तेव्हा सासू तिला घेऊन आली. बाईंनी रक्त तपासायला मुंबईला धाडले आणि निकाल आल्यावर सरळ सांगितले, “गरमी आहे. तुमच्या मुलाकडून आली.”

सासू जागची हलली नाही. “माझ्या पोराचं नाव घेऊ नका. गणपतीत तो चार दिस आला, तवा ही बाहेर बसलेली. तो गेला, मंग ही न्हायली. त्यानं हिला बोट लावलान नाय. हिनं कुणाकडनं आणलान ते हिलाच इचारा.”

मी वच्छीला आत नेले. ती कितीतरी वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, “विहिरीवर यांनी मला धरलनी. मी नको म्हटलं. घरात गणपती हाय म्हटलं.”

एक मुका, तेवढेच. पण तो सांगायचा कसा? सांगितला तर विटाळात शिवून घेतले, गणपती बाटवला, म्हणून घराबाहेर. नाही सांगितला तर वाईट चालीची म्हणून घराबाहेर. दिवाळीला नवरा आला की तिला आंजर्ल्याला पोचवायची, असे घरात ठरलेच होते. फोड आहे तोवर पोरीला तोंड लावू नको, असे बाईंनीही तिला बजावले होते. सासूने तर पोर उचलूनच नेली आणि वच्छीचे ताट गोठ्यात ठेवले. वच्छी मुकाट्याने येऊन सुया टोचून घेई.

दिवाळीत नवरा आला, तशा बाई चमचा घेऊन त्यांच्या ओटीवर गेल्या. मी मागोमाग. सासरा होता, भाऊबंद होते.

“आ कर.”

नवऱ्याने केला. जिभेवर पांढरे चट्टे होते.

“गणपतीत हिचा मुका घेतलास की नाही?”

“मी शिवलोच नाय.”

बायको देशोधडीला लागत होती आणि हा गृहस्थ विटाळाला घाबरत होता. आज इतक्या वर्षांनीही ते आठवले की माझ्या अंगाची लाही होते.

बाई त्या दिवशी ओरडल्या नाहीत. “रोग शिरतो तिथेच पहिला फोड उठतो. तिच्या ओठावर उठला. तुझ्या तोंडात तोच रोग आहे. मी रोज इथे येऊन हेच विचारीन.”

त्याने बापाकडे पाहिले, मग जमिनीकडे. “घेतला,” म्हणाला.

सासू उठली आणि देवघर गोमूत्राने धुवायला लागली. वच्छीला घरात राहू दिले, हेच उपकार. त्या मुलाला गावाने माफ केले, त्याच्या रोगालाही केले. चार पुरुषांत मुका हा शब्द उच्चारणाऱ्या बाईला मात्र नाही. दवाखान्याची पायरी कुणी चढेना. पुढच्या शिमग्यानंतर बाईंनी दवाखाना बंद केला.

बंदरावर निरोपाला आम्ही दोघीच, मी आणि पोरीला कडेवर घेऊन आलेली वच्छी. ती वाकायला गेली, तर बाईंनी तिची हनुवटी धरली.

“आ कर.”

उन्हाकडे तोंड फिरवून पाहिले, अंगठ्याने ओठ खाली ओढून पाहिला. “रक्त स्वच्छ आलंय, तुझ्या सासूला दोनदा सांगितलं. पोरीचा मुका घेतेस ना?”

वच्छीने मान हलवली, नाही म्हणून. “आत्याबाई घेऊ देत नाय.”

“आत्ता घे.”

बंदरावर अर्धा गाव होता. वच्छीने इकडेतिकडे पाहिले.

“घे म्हणते ना,” बाई खेकसल्या.

वच्छीने पोरीच्या गालाला ओठ लावले आणि मग तिला आवरेना. पडावाचा तांडेल हाका मारत होता. बाई पडावात चढल्या, ट्रंकेवर बसल्या, तोंडावर राग तसाच. पडाव बोटीला जाऊन लागला तरी वच्छी पोरीचे मुके घेतच होती, आणि तिला अडवायला अर्ध्या गावातले कुणी पुढे आले नाही.